तेरच्या संग्रहालयात आमच्या आजींनी वज्री ओळखली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कळंब तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. आता गावातल्या महिला बचत गटाचे हिशेब लिहिते आणि संध्याकाळी अंगणात पाच-सहा मुलांचा अभ्यास घेते. वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. डिसेंबरात, तुरीची रास व्हायच्या आधी, आमचा गट आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन आला. तिथं जे पाहिलं आणि विशेष म्हणजे जे ऐकलं, ते चैत्रातल्या गोरोबाकाकांच्या यात्रेपूर्वी लोकांपर्यंत आणि जबाबदार माणसांपर्यंत पोचावं, म्हणून हे लिहीत आहे. पत्र लांबलं आहे. जागा असेल तेवढं छापा, पण शेवटची विनंती कापू नका.

आमच्या गटाची वर्षातून एक सहल असते आणि ती बहुतेक तुळजापूर, पंढरपूर किंवा अक्कलकोटला जाते. या वेळी मी तेर सुचवलं. गोरोबाकाकांचं नाव निघाल्यावर कुणीच नाही म्हटलं नाही. चौदा बायका, सहा मुलं आणि मी असे आम्ही निघालो. ढोकीला गाडी बदलावी लागली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे आमच्या गटातल्या सर्वांत वयस्क आजी, वय एक्क्याऐंशी, तिकिटाविना आणि खिडकीशी बसून आल्या. ज्वारीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याची बरणी सोबत होती. तेरणेच्या काठी काकांच्या समाधीचं दर्शन घेतलं, मग त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. तिथलं मूळ बांधकाम विटांचं आहे आणि छप्पर पाठीमागून हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार. हेन्री कझिन्स यांनी १९०२-०३ च्या पुरातत्त्व अहवालात तेरची माहिती लिहिली, तेव्हा हे देऊळ मुळात बौद्ध चैत्य असावं असं मत मांडलं. मी हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "आधी कुणाचं का असंना, देवाचंच होतं की." आणि त्यांनी पुन्हा एकदा हात जोडले.

तेर म्हणजे जुनं तगर, हे गाडीतच सांगून ठेवलं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं एक प्रवासवर्णन आहे, 'पेरिप्लस'. ते कुणी लिहिलं हे कुणालाच माहीत नाही, पण लिहिणारा समुद्रावरचा व्यापार जवळून पाहिलेला होता. तो लिहितो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर. पैठणहून अकीक आणि तगरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात येते. पुढं कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत राहिले. इतक्या लांबच्या राजांना आपलं मूळ या तेरणाकाठच्या गावाशी जोडायचं होतं. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "म्हंजी आपल्या हिकडचा कापूस तवाबी भायेरच्या देशात जायचा?" तेव्हाच्या कापडाला कुठला कापूस लागला हे मला सांगता येणार नाही, पण कापड इथून जायचं हे लिहून ठेवलेलं आहे, असं मी म्हटलं. ती बराच वेळ बाहेर शेतांकडं बघत राहिली.

दुपारी आम्ही कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात गेलो.

त्याआधी एक आठवण सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी चौथीच्या मुलांना घेऊन मी एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात गेले होते. बोलू नका, थांबू नका, काचेला हात लावू नका, असं म्हणत म्हणत आम्हाला वीस मिनिटांत दुसऱ्या दारानं बाहेर काढलं. शाळेत परतल्यावर मुलांनी निबंधात काय लिहिलं? बागेतल्या कारंज्याबद्दल. तेव्हापासून संग्रहालय म्हटलं की माझ्या पोटात थोडी धाकधूक होते, आणि तेरलाही ती होती. पण तेरला आम्हाला कुणी घाई केली नाही. आम्ही जवळजवळ तीन तास आत होतो.

सुरुवातीला सगळ्या जणी देवळात फिरावं तशा गप्प फिरत होत्या. मी शिक्षिकेच्या सवयीनं एकेक पाटी वाचून दाखवत होते. सातवाहन काळ, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, मणी. मग आजी एका काचेपाशी थांबल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, ही तर वज्री हाय की!"

खापराचा, तळहातात मावेल असा तुकडा होता. एका बाजूला रेघा पाडून खरखरीत केलेला. अंग घासण्याची वस्तू. खणकामाच्या अहवालात तिचं नाव वेगळं, जड असतं. पण टाच घासायची वज्री कुठल्या बाईला ओळखू येणार नाही? आजींच्या माहेरी अशीच खापराची वज्री होती, न्हाणीच्या कोनाड्यात ठेवलेली. आजींनी तिथंच उभं राहून वज्री कशी धरायची, आधी पाय किती वेळ भिजू द्यायचा, बाळंतिणीच्या पायाला ती का लावायची नाही, हे सगळं मुलांना सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वीची एक बाई नहाणीत बसून टाच घासते आहे, हे त्या मुलांना त्या क्षणी दिसलं. मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला, पण वर्गात असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर बायकांची भीडच गेली. पाय असलेला दगडी पाटा बघून एक म्हणाली की असा पाटा उंच असला म्हणजे वाटताना कमरेला ओढ बसत नाही, आपल्या लोकांनी पाय काढून का टाकले कोण जाणे. दुसरी शंखाच्या बांगड्यांपाशी अडली. शंख तर समुद्रातला, मग इथं कसा? तेरपासून समुद्र गाडीनंही दिवसभराच्या वाटेवर, तेव्हा तो बैलांच्या पाठीवरून नाहीतर गाड्यांतून आला असणार. तेव्हा तिनं हिशेब केला की कापड घेऊन गेलेली गाडी रिकामी परत कशाला येईल, येताना शंखच भरून आणत असतील. मला हा विचार सुचला नव्हता. तिचा नवरा ट्रक चालवतो. परतीचं भाडं म्हणजे काय, हे तिला रोजचं ठाऊक.

आमच्या गटात एक कुंभाराची सून आहे. घरचं चाक आता बंद पडलंय. नवरा वीटभट्टीवर जातो, संक्रांतीची सुगडी आणि पोळ्याचे बैल तेवढे अजून घरी करतात. ती मातीच्या बाहुल्यांपाशी खूप वेळ उभी होती. तेरच्या या बाहुल्या नाजूक आहेत. केसांची रचना, कानांतली कर्णफुलं, ओठांवरचं हसू, सगळं बोटभर चेहऱ्यात. एका फुटक्या मूर्तीची आतली बाजू दिसत होती. ती मला म्हणाली, "बाई, आत बगा, बोटं उमटलीत." खरंच, आतल्या मातीत बोटांचे ठसे होते. तिनं समजावून सांगितलं की मूर्ती दोन साच्यांत केली आहे, पुढचा एक आणि पाठीचा एक. साच्यात ओली माती बोटांनी दाबून बसवायची, मग दोन्ही अर्धे कडेला चिकटवायचे आणि आत पोकळी राहू द्यायची. भरीव ठेवली तर आव्यात तडकते. अभ्यासकही तेरच्या मूर्तींबद्दल हेच सांगतात, दुहेरी साच्याची पद्धत. फरक एवढाच की ते पुस्तकातून मला समजलं होतं आणि तिला ते बोटांच्या खुणांवरून समजलं. त्या बोटांच्या मालकाचं नाव कुणाला कधीच कळणार नाही. ती मात्र सारखी "त्यो" म्हणत होती, जणू शेजारच्या आळीतला कारागीर. "त्यानं हितं अंगठा जास्त दाबला," "त्याची माती लई बारीक चाळलेली."

तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं आणि लोक ते चमत्कार म्हणून सांगतात. तिनं तेही सोपं केलं. मातीत साळीचं तूस भरपूर मळलं की भाजताना ते जळून जातं आणि विटेला आतून जाळी पडते. हलकी वीट वरच्या बांधकामाला बरी, खालच्या भिंतीवर भार येत नाही. आमच्या मुलांपैकी एकानं घरी येऊन लगेच तूस घालून छोटी वीट करून बघितली. पहिली फुटली. दुसरी अजून वाळते आहे.

आणखी एक वस्तू सांगितल्याशिवाय राहवत नाही. मातीची गोल चकती, वर चेहरा उमटवलेला, ओवायला भोक. रोमन सोन्याच्या नाण्यांची ही मातीतली नक्कल, गळ्यात घालायची. ज्याला सोन्याचं नाणं परवडत नव्हतं त्यानं मातीचं करून घेतलं, वर कदाचित सोनेरी रंगही दिला असेल. मी बायकांना विचारलं, आपल्याकडं नाण्यांची माळ कुणी पाहिली आहे का? चौघींनी एकदम सांगितलं, पुतळ्याची माळ. आजींच्या सासूची होती, ती ७२ च्या दुष्काळात मोडली. घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं की पुतळी हा शब्दसुद्धा बाहेरच्या नाण्याशीच जोडलेला आहे. व्हेनिसहून येणाऱ्या सोन्याच्या डुकाट नाण्यावर उभ्या माणसांच्या आकृती असत, म्हणून आपले लोक त्याला पुतळी म्हणू लागले. म्हणजे इटलीतलं नाणं आपल्या गळ्यात दोनदा आलं. एकदा तगरच्या काळात मातीचं होऊन आणि दुसऱ्यांदा सोन्याचं. आजी हे ऐकून म्हणाल्या, मोडताना सोनारानं हे सांगायला पाहिजे होतं.

हस्तिदंती बाईची मूर्ती तर सगळ्यांना ऐकून माहीत असते. इटलीतल्या पॉम्पेई शहरावर सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसची राख पडली आणि शहर गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन दासी, सरळसरळ भारतातून गेलेली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी नातं सांगणाऱ्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात दोन ठिकाणी मिळाल्या, एक जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि एक तेरला. तेरची मूर्ती लहान आहे, पण समोर उभं राहिलं की बाकी सगळं विसरायला होतं. तिच्यावर मी जास्त लिहीत नाही. तिच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, वज्रीबद्दल कुणी लिहीत नाही.

आता मूळ मुद्द्याकडं येते. या सगळ्या वस्तू आल्या कुठून? आपल्याकडं गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीत वस्ती असते. जिथं शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, ती माती पांढुरकी होते. आमच्या मराठवाड्यात घरं माळवदाची. दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, म्हणजे पाणी गळत नाही. ती माती जुन्या टेकाडांवरून खणून आणायची, आणि आणायची बायकांनी. टोपल्या भरताना त्यांच्या विळ्या-खुरप्यांना मणी लागले, बाहुल्या लागल्या, नाणी लागली. पहिल्या पावसानं टेकाडं धुतली की पोरं मणी वेचायला धावायची. रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. त्यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षं जपून गोळा केल्या आणि पुढं तो संग्रह शासनाकडं गेला. तिथं वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी लेकाच्या आठवणीत संग्रहालय उभं करून जे केलं, ते एका गावात राहून लामतुऱ्यांनी गावासाठी केलं, आणि त्यांचं नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवं. शास्त्रशुद्ध उत्खननंही तेरला झाली, चापेकरांचं १९५८ सालचं त्यांतलंच. पण संग्रहाचा पाया म्हणजे गावच्या माणसांचे वाकलेले पाठकणे. लामतुऱ्यांच्या नावाखाली, न लिहिलेली, अशी कितीतरी बायापोरांची नावं आहेत.

हे मी इतक्या तळमळीनं का लिहिते त्याला कारण आहे. नोकरीच्या काळात एका शाळेत (गावाचं नाव घेत नाही) आम्ही वर्गात एक पेटी केली होती. मुलं पांढरीवरून जे आणतील ते त्यात ठेवायचं. चार वर्षांत शंभरावर वस्तू जमल्या. मणी, खापरं, दोन नाणी, डोकं नसलेला एक मातीचा बैल. माझी बदली झाली. पुढच्या वर्षी शाळेची रंगरंगोटी निघाली तेव्हा ती पेटी खडी-मातीच्या ढिगात गेली. मला दोन वर्षांनी कळलं. दोष कुणाला द्यावा असं वाटत नाही. पेटीवर मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. कुठली वस्तू कुणाच्या शेतातून, कुठल्या टेकाडावरून, कुणी आणली, याची एक वहीसुद्धा केली नव्हती. जिथं मिळाली ती जागा हरवली की वस्तूची निम्मी गोष्ट हरवते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या बैलाची आठवण आली की अजून जीव तुटतो.

आणि लोक वस्तू दाखवायला का बिचकतात हेही सांगितलं पाहिजे. शेतात नाण्यांचं मडकं निघालं तर सरकार जमीन घेईल, पोलीस येतील, कोर्टाच्या खेपा होतील, ही भीती घराघरांत आहे. म्हणून नाणी रातोरात वितळवली जातात नाहीतर कुणा फिरत्या व्यापाऱ्याला विकली जातात. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, पण सापडणाऱ्याच्या आणि जमीनमालकाच्या हक्काची तरतूदही त्याच कायद्यात आहे. हे गावात बसून, सोप्या शब्दांत, ओळखीच्या माणसानं सांगायला हवं. ग्रामसभेत एकदा सांगितलं तरी पुष्कळ होईल.

सहलीहून आल्यावर आम्ही स्वस्थ बसलो नाही. शाळांत आता आनंददायी शनिवारचा उपक्रम आहे. मुख्याध्यापकांना विचारून जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात गावाचंच एक दिवसाचं संग्रहालय मांडलं. नियम एकच होता. वस्तू ज्या घरची, त्या घरचं मोठं माणूस वस्तूजवळ बसणार आणि विचारेल त्याला माहिती सांगणार. बघता बघता जागा पुरेना. जातं, उखळ, मुसळ, सूप, रवी, मोट बांधायचं कातडं, कंदील, ताकाचा डेरा, बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ, आणि मापांची एक उतरंड. पायली, आधोली, शेर, मापटं, चिपटं, निळवं. मुलांनी ज्वारी मोजून बघितली. पायलीत चार शेर बसतात हे त्यांनी स्वतःच्या हातानं पाहिलं, तेव्हा "चिपट्यानं देऊन पायलीनं घेतो" असं आजोबा सावकाराबद्दल का म्हणायचे ते त्यांना आपोआप कळलं. जात्यावर दोन म्हाताऱ्या बसल्या आणि दळता दळता ओव्या सुरू झाल्या. त्या ओव्या सातवीतल्या मुलींनी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या, सोबत म्हणणारीचं नाव, माहेरचं गाव आणि वय लिहून घेतलं. वही या वेळी पहिल्या दिवसापासून आहे. तिच्यात एकसष्ट नोंदी झाल्या आहेत.

त्या दिवशी एक आजोबा घरी जाऊन पुन्हा आले. धोतराच्या सोग्यात त्यांनी काहीतरी बांधून आणलं होतं. अकिकाचे तीन मणी, पन्नास वर्षांपूर्वी पांढरीवर मिळालेले आणि देव्हाऱ्यात ठेवलेले. त्यांनी ते कुणालाच कधी दाखवले नव्हते. मण्यांचा फोटो काढला, वजन आणि जागा वहीत लिहिली आणि मणी त्यांच्या देव्हाऱ्यात परत गेले. ते म्हणाले, "मी गेल्यावर तेरला द्या." तेही वहीत लिहिलं आहे, त्यांच्या अंगठ्यासकट.

म्हणून माझी विनंती. गोरोबाकाकांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला. त्या दिवसांत तेरला दिंड्या येतात, आसपासच्या गावांतली माणसं येतात. त्यांत कुंभार असतात, शेतकरी असतात, सगळ्या जाती-जमातींच्या कारागिरांच्या घरची माणसं असतात. ज्यांचे हात या वस्तूंना ओळखतात तीच माणसं संग्रहालयापासून चार पावलांवर येऊन, समाधीचं दर्शन घेऊन, परत जातात. यात्रेच्या दोन-तीन दिवसांत संग्रहालयानं अंगणात मांडव घालावा. एका बाजूला चाक फिरू द्यावं. गोरोबाकाका थापटणं हातात घेऊन संतांची डोकी तपासतात ही गोष्ट मुलांना सगळीकडं सांगतात, पण कच्चं मडकं आणि पक्कं मडकं यांचा आवाज वेगवेगळा येतो तो ऐकवत कुणी नाही. तो तिथं ऐकवता येईल. दुसऱ्या बाजूला वही घेऊन एक माणूस बसवावा. कुणाच्या घरी काय आहे, पांढरीवर कुठं काय मिळालं, आमच्याकडं या वस्तूला काय म्हणतात, हे फक्त लिहून घ्यायचं. वस्तू मागायची नाही, नुसतं लिहायचं.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरत्या प्रदर्शनाची बस २०१५ पासून शाळांच्या आणि गावांच्या दारात जाते, हे मला माहीत आहे आणि त्याचं कौतुक आहे. जिल्ह्याच्या संग्रहालयाला बस नको. एसटी आहे. शाळेच्या सहलीला एसटीत निम्मी सवलत मिळते. कळंब, भूम, वाशी, परंडा, उमरगा, लोहारा, तुळजापूर आणि धाराशिव या आठही तालुक्यांतल्या प्रत्येक शाळेनं पोहण्याच्या तलावाची आणि झोपाळ्यांची सहल एक वर्ष बाजूला ठेवून तेरची करावी. आणि जाताना प्रत्येक वर्गानं गावातली दोन म्हातारी माणसं सोबत न्यावीत. माझं हे म्हणणं शिक्षक मित्रमैत्रिणींना विशेष आग्रहानं आहे. पाट्या वाचायला मुलं आहेत, पण पाटीवर नाही ते सांगायला आजी लागते.

पाट्यांबद्दलही एक सुचवते आणि ते सगळ्याच संग्रहालयांना लागू आहे. शास्त्रीय नाव लिहा, काळ लिहा, ते हवंच. त्याखाली एक ओळ त्या भागातल्या बोलीतल्या नावाची असू द्या. 'वज्री' असं लिहिलेलं दिसलं की वाचणारी बाई तिथंच थांबेल. या शब्दांची यादी करून द्यायला आमचा गट तयार आहे. आमच्यात लिहिणाऱ्या पाच जणी आहेत, बाकीच्या सांगणाऱ्या आहेत.

आमच्या आजींची तब्येत या थंडीत जरा उतरली. त्रयोदशीला जायचं म्हणून त्यांनी औषध वेळेवर घ्यायला सुरुवात केली आहे. त्यांच्या भाचीच्या घरी, माहेरी, ती जुनी खापराची वज्री अजून असल्याचा निरोप परवा आला. ती घेऊन त्या तेरला जाणार आहेत आणि काचेतल्या वज्रीशेजारी धरून बघणार आहेत. मांडव असेल तर आम्ही मांडवात बसू, नसेल तर दाराजवळच्या सावलीत बसू. वही, दोन पेनं आणि धपाटे सोबत असतील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
ता. कळंब, जि. धाराशिव